नसलेला तिसरा मजला

अप्पा नापास झाले. तीसपैकी एकोणीस. लागत होते वीस.

हे इथंच सांगून ठेवलं, कारण पुढे कुणी सांगणार नाही. गुरुवारी दुपारी पावणेबाराला, मेंदूविकारांच्या दवाखान्यातून लिफ्टनं खाली उतरता उतरता चौघांनी एकमतानं ठरवलं, की असं काही झालेलंच नाही. या घराण्यात कुठल्याही गोष्टीवर एकमत होणं दुर्मीळ. घराचा रंग ठरवायला अकरा वर्षं लागली होती, आणि तोवर भिंतीनं स्वतःच एक रंग धरला होता. तेव्हा ठरावाचा मान राखायला हवा. अप्पा नापास झालेले नाहीत. गुरुवार नुकता उजाडतोय आणि गॅसवर चहा उकळतोय.

"शिडी," सूनबाई गाळणं शोधता शोधता म्हणाली.

"साबण," अप्पा म्हणाले.

"लिंबू."

"जांभळा. कुलूप." अप्पांनी कप पुढे केला. "झालं. आता चहा दे. परीक्षा पास होऊन चहा मिळत नसेल तर उपयोग काय?"

सहा महिन्यांपूर्वी पहिल्या तपासणीत अप्पांना हे पाच शब्द दिले होते. दिले, मग घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात सात वजा करायला लावले, आणि मग ते शब्द परत मागितले. अप्पांनी दोन परत केले. बाकी सगळं बरं होतं म्हणून चोवीस मार्क पडले. डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच सांगितलं होतं, की सुरुवातीच्या विस्मरणावर एका नव्या औषधाचा अभ्यास सुरू होतोय, त्यात अप्पांना घेता येईल, पण सहा महिन्यांनी पुन्हा तपासू. विसांच्या खाली गेले तर नाही. त्या वेळी सूनबाई मागच्या खुर्चीत बसली होती. पाचही शब्द तिच्या डोक्यात आयते येऊन बसले. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी ती सहज म्हणाली, "शिडी." त्यानंतर सहा महिने ती रोजच सहज म्हणत होती.

खरं तर या बाबतीत तिच्याइतकी जाणकार बाई त्या शहरात सापडली नसती. चष्म्याच्या मोठ्या दुकानात ती बावीस वर्षं नजर तपासत होती. वाहन परवान्याच्या दाखल्याला येणारे लोक बाहेरच्या बाकावर बसून तक्त्याची शेवटची ओळ पाठ करतात, हे तिला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. एका बसचालकानं तर दिवे घालवल्यावरही ती ओळ घडाघडा म्हणून दाखवली होती. तेव्हापासून सूनबाई दर वेळी तक्ता बदलायची. प्रत्येक माणसाला वेगळा तक्ता, हा तिचा नियम होता. आणि हीच सूनबाई सहा महिने धरून चालली होती, की मेंदूच्या डॉक्टरांना हे सुचलेलं नसणार.

"अहो, तुम्ही म्हणा बघू," ती नवऱ्याकडे वळली.

थोरला हवामान खात्यात होता. बहीण त्याला वेधशाळा म्हणायची. तो टोस्टला लोणी लावत, मान वर न करता म्हणाला, "शिडी, साबण, लिंबू, जांभळा..." आणि थांबला. सुरी टोस्टवर पुढे-मागे फिरत राहिली.

"आणि?"

"मला कुठं परीक्षेला बसायचंय?"

"कुलूप," अप्पा म्हणाले. त्यांनी मुलाकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग बशीतला चहा एका दमात संपवला. थोरला आता छप्पन्नचा होता. अप्पांचे वडील, म्हणजे नाना, साठाव्या वर्षी स्वतःच्या घराच्या दारात उभे राहून हे घर कुणाचं, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे. तेव्हा त्याला आजार म्हणत नव्हते. नाना चक्रम झाले, एवढंच म्हणत, आणि पाहुणे आले की त्यांना मागच्या खोलीत बसवत.

"त्यांची तपासणी कधी झालीच नाही," अप्पा परवा सूनबाईला म्हणाले होते. "साध्या लिफ्टची वर्षातून एकदा होते. काय बिघडलं, कधी बिघडलं, कुणी पाहिलं, सगळं नोंदवहीत. नानांचं एक ओळ नाही कुठं. मला औषध लागू पडलं नाही तरी चालेल, सूनबाई. पण मला त्या वहीत घालायला हवं."

अप्पा लिफ्ट निरीक्षक होते. सरकारी. एकतीस वर्षं त्यांनी या शहरातल्या माणसांना वर न्यायला आणि खाली आणायला परवानगी दिली होती. बोलताना ते स्वतःचाही उल्लेख कधीकधी "सदर यंत्र" असा करत. "सदर यंत्राला आज गुडघ्यात आवाज आहे."

दवाखाना इमारतीत वर होता. खाली अप्पांची मुलगी आधीच येऊन थांबली होती. तिला सगळे चिमी म्हणायचे. चिमी बावन्न वर्षांची होती, तिचं औषधांचं दुकान होतं, आणि तिच्यासमोर भलेभले डॉक्टर आपलं अक्षर सुधारायचे.

"रात्री झोप झाली? सकाळची गोळी दिली ना, वहिनी? पांढरी की पिवळी?"

"पांढरी."

"पिवळी द्यायची होती."

"पिवळी संध्याकाळची, चिमे," अप्पा म्हणाले. "तूच चिकटपट्टीवर लिहून दिलंयस."

चिमीनं विषय लिफ्टकडे वळवला आणि बटण दाबलं. अप्पा आत शिरले ते तडक भिंतीवरच्या प्रमाणपत्राच्या चौकटीपाशी. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी ते वाचलं, मग बटणांकडे बघितलं. शून्य, एक, दोन, चार, पाच.

"अजून तसंच आहे," ते म्हणाले. "सव्वीस वर्षांपूर्वी मी लिहून दिलं होतं. बटणं दुरुस्त करा म्हणून. हे बघ, थांबे पाच. तळ धरून पाच. मग पाचवा मजला येईल कुठून?"

"अप्पा, आज लिफ्टची तपासणी नाही. आज तुमची आहे," चिमी म्हणाली.

"म्हणूनच बघतोय. ज्यांना मजले मोजता येत नाहीत ते मला मोजणार."

चिमी हसली, थोरला हसला. सूनबाईही हसली. ते हसू तिला पुढे बरेच दिवस टोचत राहिलं.

लिफ्ट थांबली. अप्पांनी खाली उंबऱ्याकडे बघितलं, "दोन बोटं खाली," असं म्हणून पाय जपून टाकला, आणि सगळे बाहेर आले.

स्वागताच्या टेबलावर एक फॉर्म मिळाला. त्यात एक रकाना होता: सोबती. अभ्यासात घेतलेल्या प्रत्येक माणसाबरोबर घरचं एक माणूस बांधलेलं असणार होतं. दर भेटीला त्यानं यायचं आणि विचारतील त्याची खरी उत्तरं द्यायची. फॉर्मवर एकाच नावाला जागा होती. एवढ्याशा रेघेवर हे घराणं दाटीवाटीनं उभं राहिलं.

"मी लिहिते माझं," चिमीनं पेन काढलं. "औषधांतलं मला कळतं."

"घरी मी असतो," थोरला म्हणाला.

"तू घरी असतोस? तू ढगात असतोस. परवा अप्पा भाजी आणायला गेले आणि दोन तासांनी आले, तेव्हा तू कुठं होतास?"

"ड्यूटीवर. आणि तुला हे कुणी सांगितलं?"

"वहिनीनं."

थोरल्यानं बायकोकडे बघितलं. सूनबाई पाण्याच्या यंत्राकडे बघत राहिली. तिनं ते चिमीला सांगितलं होतं, तसंच चिमी अप्पांना गोळ्यांवरून रागावते हे नवऱ्याला सांगितलं होतं. दोन्हीकडे तिचं वजन होतं ते याच आयातनिर्यातीमुळे.

टेबलामागच्या मुलीनं घसा साफ केला. "सोबती आठवड्यातून किमान दहा तास त्यांच्याबरोबर असायला हवा."

"मी मनानं चोवीस तास त्यांच्याबरोबर असते," चिमी म्हणाली.

"मनाचे तास वेगळे लिहायचे का ते मला विचारावं लागेल," मुलगी गंभीरपणे म्हणाली.

"सख्खी मुलं समोर असताना काय सुनेचं नाव लिहायचं?" चिमीचा आवाज जरासा फाटला. भांडण तेवढ्यापुरतं भांडण राहिलं नाही. आई गेली तेव्हाही चिमी दुकानात होती, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी म्हणत नव्हतं.

अप्पांनी तिच्या हातातून पेन घेतलं. "चिमे, तुम्हा दोघांना माझा स्वभाव माहीत आहे. हिला माझे तपशील माहीत आहेत. इथं तपशील लागतात. स्वभाव विचारला की तुला बोलावतो." आणि त्यांनी रेघेवर ठळक अक्षरात लिहिलं: सूनबाई. मग कंसात: (पूर्ण नाव तिला विचारणे).

ते विनोद म्हणून लिहिलं होतं की काय, हे कुणी विचारलं नाही.

तपासणीची खोली लहान होती. टेबल, दोन खुर्च्या, कोपऱ्यात तिसरी. खिडकीला जाड पडदा, भिंती कोऱ्या. कॅलेंडर नाही, घड्याळ नाही. तपासणारी मानसतज्ज्ञ तिशीतली होती, मऊ आवाजाची. "सोबत्यानं मध्ये बोलायचं नाही," ती सूनबाईला म्हणाली. "खुणा नाहीत, खोकणंसुद्धा शक्यतो नाही."

सूनबाईनं मान हलवली. हे वाक्य तिनं स्वतः हजारदा म्हटलं होतं. बायका नवऱ्यांना तक्त्यावरची अक्षरं ओठांनी सांगतात.

"अप्पा, मी आता पाच शब्द सांगते. नीट ऐका, माझ्यामागून म्हणा आणि लक्षात ठेवा. थोड्या वेळानं परत विचारीन. पूल. चमचा. ससा. राखाडी. टोपी."

शिडीपासून कुलपापर्यंतचा त्यांत एकही शब्द नव्हता.

"पूल, चमचा, ससा, राखाडी, टोपी," अप्पा म्हणाले. दोनदा म्हणाले. दोन्ही वेळा बरोबर.

प्रत्येक माणसाला वेगळा तक्ता. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून तिला आपलाच नियम आठवत होता. तिला उठून सांगता आलं असतं. तोंड उघडलं असतं तर तपासणी बाद झाली असती, नाही उघडलं तर काय होणार ते दिसत होतं. ती गप्प बसली. सोबत्यानं बोलायचं नव्हतं.

अप्पांनी घड्याळ काढलं ते नकाशावर छापावं असं. घनाकृती खोकं मात्र एका बाजूनं उघडंच राहिलं. शंभरातून सात गेले त्र्याण्णव, त्यातून सात शहाऐंशी, मग अप्पा बराच वेळ छताकडे बघत राहिले आणि म्हणाले, "पुढचे तुम्हीच ठेवा." एका अक्षरावरून शब्द सांगताना मध्येच अडकले. तारीख एका दिवसानं चुकली.

"आणि आपण आत्ता कितव्या मजल्यावर आहोत?"

"तिसऱ्या."

पेन्सिल थांबली. "नक्की?"

"हो. तळ, पहिला, दुसरा. मग पाइपांची पोकळी आहे, साडेचार फूट उंच. वाकून जावं लागतं, लिफ्ट थांबत नाही. तिला मजला म्हणायचं असेल तर माझ्या घरच्या माळ्यालाही म्हणा. मग हा. तिसरा."

मानसतज्ज्ञेनं कागदावर काहीतरी लिहिलं. फुलीला जेवढा वेळ लागतो तेवढाच लागला.

"आता मघाशी मी पाच शब्द दिले होते. ते सांगाल?"

अप्पा ताठ बसले. कोट सारखा केला. इतका वेळ चाचपडत असलेला माणूस एकदम आपल्या खुर्चीत परत आला. त्यांनी वळून सूनबाईकडे एकदा बघितलं, बघ हं असं, आणि एकेका शब्दावर शिक्का मारावा तसे म्हणाले, "शिडी. साबण. लिंबू. जांभळा. कुलूप."

"आणखी काही आठवतं?" मानसतज्ज्ञेनं हळूच विचारलं.

"पाचच होते ना?"

"पाचच."

"मग झाले."

"एक मदत करते. त्यात एक प्राणी होता."

"प्राणी?" अप्पांनी भुवया चढवल्या. "प्राणी नव्हता." ते पुन्हा वळले. या वेळी चेहऱ्यावरचं हसू अर्धंच होतं. "सूनबाई, प्राणी होता का गं?"

सूनबाई खोकलीसुद्धा नाही.

डॉक्टरीणबाईंच्या खोलीत चार खुर्च्या मांडलेल्या होत्या. चार खुर्च्या आधीच मांडल्या असतील तर बातमी चांगली नसते. बाई कागद हनुवटी वर करून वाचत होत्या. चष्म्याचा नंबर वाढलाय आणि या टाळतायत, हे सूनबाईच्या लक्षात आलं. आपण आत्ता हा विचार करतोय याची तिला लाज वाटली.

"एकोणीस," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण त्याआधी मला एक कळत नाहीये. यांनी जे पाच शब्द सांगितले ते आमचेच आहेत. पण सहा महिन्यांपूर्वीच्या कागदावरचे. हा आजार असलेला माणूस सहा महिने जुने पाच शब्द ओळीनं सांगत नाही. माझ्या वीस वर्षांत नाही."

"मी शिकवले," सूनबाई म्हणाली. "रोज. चहाच्या वेळी."

"वहिनी!" चिमी उठलीच. "अगं शिकलेली बाई तू! हे संशोधन आहे की शाळेचं गॅदरिंग?"

"खाली बस," थोरला म्हणाला. "मीही घ्यायचो. आंघोळीला जाताना विचारायचो. चांगलं वाटायचं त्यांना."

"तुम्ही दोघंही—" चिमी बोलता बोलता अडखळली. मग खुर्चीत परत बसली आणि पर्सच्या साखळीशी खेळू लागली. "रविवारी दुकानात आले की मीपण घ्यायचे. मला अप्पांनीच सांगितले होते. म्हणाले, कुणाला बोलू नकोस."

सगळ्यांनी अप्पांकडे बघितलं.

"सदर यंत्राची तिघांनी वेगवेगळी देखभाल केली," अप्पा म्हणाले, "आणि एकमेकांना कळवलं नाही. अशानंच अपघात होतात."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, पण त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे शब्द पाठ नसते तर आजच्यातला एखादा आला असता की नाही, हे आता मला कधीच कळणार नाही. जुन्यांनी वाट अडवली. मी रागावत नाही. तुम्हाला वाटलं, आपण आठवण वाढवतोय." त्यांनी सूनबाईकडे बघितलं. "एक गोष्ट मात्र खरी. नवीन आलेलं यांच्याकडे थांबत नाही. पण रोज घासलं, त्याच वेळी, त्याच माणसानं, तर बसतं. घरी जाऊन हेच वापरा. शिडी-साबण नको. घराचा पत्ता, तुमचा फोन नंबर, गॅस बंद करायचा. चहाच्या वेळीच."

"आणि अभ्यास?" थोरल्यानं विचारलं.

"त्यात नाही घेता येणार. पुन्हा तपासायला सहा महिने जावे लागतात आणि भरती दोन महिन्यांत बंद होतेय. दवाखाना आहेच. दर तीन महिन्यांनी मीच बघणार."

"म्हणजे मोडीत," अप्पा म्हणाले.

"नाही हो अप्पा."

"मोडीत काढलेल्या लिफ्टलाही आम्ही दर तीन महिन्यांनी बघायला जायचो. कुणी बसत तर नाही ना, एवढंच बघायला." ते आपल्या हातांकडे बघत होते. मग म्हणाले, "अकरा मार्क कुठं कुठं गेले?"

बाईंनी वाचून दाखवलं. शब्दांचे पाच, वजाबाकीचे दोन, खोक्याचा एक, तारखेचा एक, अक्षराचा एक, मजल्याचा एक.

"मजल्याचा का?"

"तुम्ही तिसरा म्हणालात. चौथा आहे."

"तिसरा आहे," अप्पा म्हणाले.

पहिल्यांदा सूनबाईनं मनात बेरीज केली. एकोणीस आणि एक. तिनं वर बघितलं तर नवरा आणि चिमीही बोटांवर तेच करत होते, जणू त्याला बोटं लागतात.

"बाई, यांनी ही लिफ्ट स्वतः तपासलीय," सूनबाई म्हणाली. "सव्वीस वर्षांपूर्वी. मधल्या पोकळीत माणूस उभा राहत नाही. लिफ्टमध्येच सांगत होते मघाशी. आम्ही हसलो."

डॉक्टरीणबाईंनी फोन उचलून इमारतीची देखभाल बघणाऱ्या माणसाला विचारलं. त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "तिसरा मजला ना, मॅडम? तिथं पाइप आहेत. मजला असा नाहीच तो. डोकं आपटतं."

त्यांनी फोन ठेवला. हनुवटी वर करून त्यांनी तो कागद पुन्हा वाचला.

"मला पटतंय," त्या म्हणाल्या. "उत्तरपत्रिकेला पटत नाही. सतरा दवाखान्यांत एकच नियम आहे: मजल्याचं उत्तर पाटीवर असेल ते. आज मी इथं एक मार्क वाढवला, तर उद्या दुसरीकडे कुणी पाच वाढवेल. मग या औषधानं काय केलं ते कुणालाच कळणार नाही. तुम्हीही निरीक्षक होतात, अप्पा. दोरी बरी दिसते म्हणून तुम्ही शिक्का मारला असता?"

अप्पांनी विचार केला. खरोखर केला. "नाही," ते म्हणाले.

तिथं ते संपलं. लिफ्टमध्ये दार बंद झाल्यावर चिमी म्हणाली, "घरी कुणाला काही सांगायचं नाही. फोन आले तर म्हणायचं, अजून ठरलं नाही." थोरला म्हणाला, "असं काही झालंच नाही असं धरू. त्यांनाही त्रास नको." सूनबाईनं मान हलवली. तिघांनी अप्पांकडे बघितलं.

"माझी ना नाही," अप्पा म्हणाले. "पण मला विसरायला तुमचा ठराव लागत नाही."

घोटाळा झाला तो इथून पुढे.

तिघांनी ठरल्याप्रमाणे सगळं विसरून दाखवलं. चिमी रोज फोन करून मुद्दाम गुरुवारबद्दल विचारत नव्हती. थोरला जेवताना फक्त पावसाची शक्यता सांगायचा. सूनबाईनं चहाच्या वेळी पत्ता घ्यायला सुरुवात केली. आणि ज्या एकट्या माणसाला विसरण्याचा आजार होता, त्यानं मात्र विसरायला साफ नकार दिला.

"अर्ज गेला का?" शुक्रवारी सकाळी अप्पांनी विचारलं.

"कसला अर्ज?"

"मजल्याचा."

शनिवारी परत विचारलं. रविवारी दोनदा. काल आपण विचारलं होतं हे त्यांना आठवत नव्हतं. काय विचारायचं ते मात्र दिवसेंदिवस पक्कं होत गेलं. बुधवारपर्यंत मसुदा तयार झाला. रोज सकाळी चहाबरोबर ते तो नव्यानं सांगायचे आणि रोज शब्दन् शब्द तोच यायचा. रोज घासलं, त्याच वेळी, त्याच माणसासमोर, तर बसतं. बाईंचं निदान सूनबाईला स्वतःच्या स्वयंपाकघरात खरं होताना दिसत होतं.

"अप्पा, त्यानं काही होणार नाही," आठव्या दिवशी ती म्हणाली. "भरती बंद होईल. आणि बाई म्हणाल्या ते तुम्हालाही पटलं होतं."

"पटलं होतं. त्यांनी शिक्का मारायचा नाहीच. तो माझा मुद्दाच नाही." अप्पांनी कप खाली ठेवला. "मी सव्वीस वर्षांपूर्वी लिहून दिलं आणि पाठपुरावा केला नाही. चूक नोंदवली आणि सोडून दिली. आज तीच चूक माझ्यावर पडली. सूनबाई, माझ्या डोक्यात आता काय काय चुकीचं आहे ते मला कळत नाही. पण हे एक बरोबर आहे. हे तरी कुठंतरी लिहिलेलं असू दे. नानांसारखं नको."

सूनबाई उठली. दुकानातलं रेघांचं पॅड घेऊन आली. दुपारी चिमी आली तेव्हा कागद टेबलावर होता. तिनं तो वाचला, चष्मा पुसला, परत वाचला, आणि "एवढं शुद्धलेखन कुणाचं?" असं म्हणून कुणी न सांगता खाली सही केली. थोरल्यानं संध्याकाळी आल्या आल्या सही केली. मग पेन हातात तसंच धरून तो बायकोला म्हणाला, "कुलूप. पाचवा कुलूप होता." ती म्हणाली, "हो." तो म्हणाला, "पुढच्या भेटीला मीही येतो. सहज. बाईंना भेटायला." ती म्हणाली, "या." अप्पांनी दोघांकडे बघितलं आणि कागद आपल्याकडे ओढून, सर्वांत खाली, निरीक्षकाच्या जागी सही केली.

अर्ज असा होता:

प्रति,
मा. प्रमुख, स्मृतिविकार संशोधन विभाग,
आणि माहितीसाठी: इमारत देखभाल.

विषय: चौथ्या मजल्याबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते, की आपला विभाग ज्या मजल्यावर आहे त्यास बटणावर चौथा म्हटले असले, तरी तो तळ धरून चौथा थांबा व मोजणीने तिसरा मजला आहे. मधल्या पोकळीत माणूस उभा राहू शकत नाही. जेथे माणूस उभा राहू शकत नाही त्यास मजला म्हणता येत नाही. ही बाब खाली सही करणाऱ्याने सव्वीस वर्षांपूर्वी लेखी कळविली होती. त्यानंतर पाठपुरावा राहून गेला, त्याबद्दल दिलगिरी आहे.

खाली सही करणाऱ्याचे वडील यांची तपासणी कधीही झाली नाही व त्यांची नोंद कोठेही नाही. खाली सही करणाऱ्याची तपासणी झाली आहे. त्यास आज कोणता वार आहे हे नक्की सांगता येत नाही, परंतु आपण कितव्या मजल्यावर होतो हे सांगता येते. त्यास पाच शब्दही पाठ आहेत. ते जादा समजून सोडून द्यावेत. घरच्यांचा हेतू वाईट नव्हता.

तरी सदर मजला गेल्या गुरुवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांपासून, पूर्वलक्षी प्रभावाने, तिसरा मजला म्हणून घोषित करण्यात यावा, व पुढील तपासणीपर्यंत सदर यंत्रास आहे त्या मजल्यावर उभे राहू द्यावे, ही नम्र विनंती.